ओरोपेंडोलाची वसाहत: चार सकाळींत काय बघावं, कसं नोंदवावं?

उंबरमाळ

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोस्टा रिकाच्या सारापिकी भागात चार सकाळी पूर्ण मोकळ्या आहेत. मुक्कामापासून चालत जाता येईल अशी माँटेझुमा ओरोपेंडोला या पक्ष्यांची वसाहत आहे. कुरणात एकटंच उभं असलेलं उंच झाड आणि त्यावर चाळीसेक लोंबती घरटी. चारही सकाळी तिथेच बसायचं ठरवलंय.

सुगरणीची वसाहत चांगली माहितीची आहे, त्यामुळे डोक्यात तोच साचा बसलाय: नर विणतो, मादी अर्धवट खोपा येऊन तपासते, पसंत पडला तर पुढचं काम. यांचंही तसंच असतं का? आजूबाजूला एवढं रान असताना उघड्यावरच्या एकाच झाडावर गर्दी का? वसाहतींच्या फोटोंत एक काळा, चकचकीत पक्षीही मधेमधे दिसतो, तो कोण? आणि फोटोंपलीकडे काही कामाची नोंद करायची तर कशाची करावी, कुठे चुकतं? ८x४२ ची दुर्बीण आहे. स्पॉटिंग स्कोप भाड्याने मिळेल.

शिंदीबन

सुगरणीचा साचा आधी बाजूला ठेवा, कारण इथे तो बरोब्बर उलटा आहे. विणकाम सगळं मादीचं. नर एक धागा लावत नाही, उबवत नाही, पिल्लांना भरवतही नाही. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला बायाचं (म्हणजे सुगरणीचं) जे निरीक्षण केलं, त्यात नराचा खोपा हेच त्याचं भांडवल होतं. एक मादी स्थिरावली की तो पुढचा खोपा विणायला घ्यायचा. ओरोपेंडोलाच्या नराकडे दाखवायला घरटं नसतं. त्याच्याकडे असतो आकार, आवाज आणि झोका. दोघांचं नातंही जवळचं नाही. सुगरण विणकर पक्ष्यांच्या कुळातली, ओरोपेंडोला अमेरिकेतल्या इक्टेरिडी कुळातला. विणायची कला दोन्हीकडे वेगवेगळी उपजली.

नर सुमारे ५० सेंटिमीटर लांब आणि अर्ध्या किलोच्या थोडा वर, साधारण ५२० ग्रॅम. मादी ३८-३९ सेंटिमीटर आणि २३० ग्रॅमच्या आसपास. दुपटीहून जास्त फरक आहे, रंग मात्र सारखेच: तांबूस तपकिरी अंग, काळपट डोकं, गालावर निळसर उघडी कातडी, चोचीचं टोक नारिंगी, शेपटी पिवळीधमक. दोन पक्षी शेजारी असले तर नर-मादी लगेच कळतं, एकटा असला की फसगत होते. म्हणून शेजारी दुसरा पक्षी येईपर्यंत वहीत लिंग लिहू नका. घरट्यात शिरणारा पक्षी मात्र बिनधास्त मादी धरा.

माझं स्पष्ट मत सांगतो. लोक नराचा झोका बघण्यात सगळा वेळ घालवतात. तो फांदीवरून पुढे वाकतो, पंख पसरतो, शेपटी वर जाते, पूर्ण उलटा लोंबतो आणि त्याच वेळी घशातून अरुंद तोंडाच्या घागरीतून पाणी ओतल्यासारखा आवाज काढतो. फार देखणं दृश्य आहे, नक्की बघा. पण पहिला तासभर बघा आणि मग मान मादीकडे वळवा. वसाहत मादी चालवते.

तिचं विणकाम बघायला केळ किंवा केळीसारख्या पानांच्या हेलिकोनियाचं बन जवळ असेल तर तिथूनच सुरुवात करा. ती पानाच्या जाड मधल्या शिरेवर बसते, चोचीने एक खाच पाडते, खाचेतून सुटलेलं टोक घट्ट धरते आणि उडते. उडण्याच्या ओढीनेच पट्टी सोलत निघते. नारळ-ताडाच्या पात्यांच्या चिंध्या आणि बारीक वेलीही ती वापरते.

झाडावर आल्यावर पहिलं काम म्हणजे फांदीच्या टोकाशी बारीक दुबेळकं निवडून त्याला धागे गुंडाळणं. आधी नुसता गुंता दिसतो. हळूहळू त्यात एक फट मोकळी होते आणि तिचं कडं बनतं. हे कडं म्हणजे पुढे घरट्याचं दार. मादी त्यात बसते आणि खालच्या कडेपासून बाही विणत खाली उतरत जाते. इथे स्कोप लावा. डोकं खाली करून ती आतून काम करते. चोचीने एक टोक जाळीबाहेर ढकलते, शेजारच्या भोकातून आत ओढते, एक हिसका देऊन ताणते आणि पुढचं टोक शोधते. बाही पुरेशी लांब झाली की खालचा फुगीर भाग विणला जातो आणि तळ बंद होतो. मग बाहेरून ती दिसतच नाही, फक्त पिशवीला आतून फुगवटे येताना दिसतात. शेवटी पानांचे तुकडे नेऊन तळाशी चांगला जाड थर देते. वाऱ्यात पिशवी हेलकावते तेव्हा अंडी या थरात रुतून राहतात. तयार घरटं ६० सेंटिमीटरपासून १८० सेंटिमीटरपर्यंत लांब भरतं.

बिघडतं कुठे, तेही बघा. कडं सैल राहिलं किंवा डहाळी फार बारीक निवडली, तर पावसात भिजून जड झालेली पिशवी अख्खी खाली येते. एकाच फांदीवर पंधरा-वीस घरटी झाली तर फांदीच मोडू शकते. आणि चोऱ्या! मालकीण पट्ट्या आणायला गेली की शेजारीण तिच्या घरट्याची सुटी टोकं ओढून नेते आणि आपल्या घरट्यात लावते. अर्धवट घरट्याला याचा धोका जास्त, कारण टोकं अजून ताणलेली नसतात. चोरी दिसली की कुठल्या घरट्यातून कुठल्या घरट्यात, हे जरूर टिपा. वसाहतीचं समाजजीवन सगळ्यात उघडं दिसतं ते इथे.

एक हिशोब लक्षात असू द्या. बहुतेक वेळा दोन अंडी, १५ दिवस उबवण, मग पिल्लं ३० दिवस आत. बांधकाम धरलं तर पहिल्या धाग्यापासून पिल्लू उडेपर्यंत दोन महिने जातात. चार सकाळींत एका घरट्याची पूर्ण गोष्ट दिसणार नाही. पण सगळ्या माद्या एकाच टप्प्यावर नसतात, त्यामुळे एकाच झाडावर सगळे टप्पे शेजारीशेजारी मिळतात. तुमची नोंद याच्यावरच बेता.

तांबट

गर्दी का, यावर लिहितो.

या बाबतीत सगळ्यात नीट काम माँटेझुमावर नाही, त्याच्या कुळातल्या पिवळ्या पाठीच्या कॅसिकवर झालंय. पेरूच्या मानू राष्ट्रीय उद्यानात कोचा काशू नावाचं नदीच्या जुन्या वळणाचं तळं आहे. तिथे स्कॉट रॉबिन्सन यांनी घरटी कशाने उद्ध्वस्त होतात याचा हिशोब मांडला आणि १९८५ साली प्रसिद्ध केला. शत्रू तीन तऱ्हेचे: माकडं, साप आणि पक्षी (टूकन, कॅराकारा वगैरे). प्रत्येकावर उपाय वेगळा आणि मजा म्हणजे वसाहत एकाच वेळी तिन्ही उपाय वापरते.

माकडं आणि साप जमिनीवरून किंवा फांद्यांवरून येतात. म्हणून झाड असं हवं की ज्याच्या फांद्या शेजारच्या झाडाला भिडत नाहीत. कोचा काशूत तळ्यातल्या बेटांवरची झाडं सगळ्यात सुरक्षित, कारण पोहत येणाऱ्याला पाण्यात केमन (मगरींचे भाईबंद) आणि महाकाय पाणमांजरं भेटतात. तुमच्या कुरणातलं एकटं झाड हे त्याच बेटाचं कोरडं रूप आहे. पाण्याऐवजी उघडं गवत. आपल्याकडची सुगरण विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी निवडते, त्यामागेही हाच विचार दिसतो.

दुसरा उपाय गांधीलमाश्या. कॅसिक त्यांच्या पोळ्याला लागून घरटी बांधतात. माकडाने फांदी हलवली की पोळं उठतं आणि माकड पळतं.

तिसरा उपाय गर्दीचा. उडत येणाऱ्या शत्रूला झाड एकटं असल्याने काही फरक पडत नाही. त्याच्यावर अनेक जणींनी मिळून तुटून पडावं लागतं. हल्ला करणाऱ्यांची संख्या वाढली की शत्रू हुसकावला जाण्याची शक्यता वाढते, हे त्या अभ्यासात दिसलं. शिवाय जुनी रिकामी घरटी चालू घरट्यांमध्ये तशीच लोंबत राहतात. शत्रूला चार पिशव्या फुकट तपासाव्या लागतात.

आता यातला जो मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो सांगतो. ही सहकारी सोसायटी नाही. कोणी कोणाचं पिल्लू भरवत नाही, कोणी कोणाचं घरटं विणत नाही. सुरक्षित झाडं मोजकी असतात, त्या मोजक्या झाडांवर सगळ्याच येतात आणि आल्यावर झुबक्याच्या मधल्या जागेसाठी एकमेकींशी भांडतात, कारण मधलं घरटं कडेच्या घरट्यापेक्षा सुरक्षित. एकेकीची भीती वीस जणींना एकाच फांदीवर आणते आणि त्या वीस जणी मिळून टूकनला पळवतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वसाहत बघताना ‘किती ही एकी’ किंवा ‘किती हा स्वार्थ’ असा एकच निकाल लावला की अर्धी नोंद हातची जाते.

रातवा

वर नरांबद्दल थोडं कमी आलं म्हणून भर.

माद्या एका ठिकाणी गोळा होतात म्हणून नर तिथे येतात, हा क्रम महत्त्वाचा. मायकेल वेबस्टर यांनी कोस्टा रिकात माँटेझुमावर केलेलं काम १९९४-९५ साली आलं. त्यात नरांची उतरंड स्पष्ट दिसली. सगळ्यात वरचा नर वसाहतीत ठाण मांडतो आणि त्या वेळी वीण करायला तयार असलेल्या मादीमागे राहतो. तो तिच्यात गुंतला की दुसऱ्या क्रमांकाच्या नराला दुसऱ्या मादीजवळ फिरकायची संधी मिळते. माद्या सगळ्या एकदम तयार होत नाहीत, म्हणून एकाला बऱ्याच जणींची राखण जमते. अंगाने मोठं असण्याला एवढा भाव का, तेही यातून कळतं.

पण वसाहतीत दिसलेल्या मीलनांवरून ‘सगळी पिल्लं त्याचीच’ असं लिहू नका. जनुकीय तपासणीत त्याचा वाटा झाडावर दिसणाऱ्या मीलनांच्या मानाने कमी निघाला. माद्या वसाहतीपासून दूर, रानातही मीलन करतात. तिथे तुमची दुर्बीण पोचत नाही.

टिपायचं काय? कोणता नर कोणाला फांदीवरून उठवतो, एवढंच. ‘अमक्याने तमक्याला हटवलं’ अशा तीस-चाळीस घटना झाल्या की उतरंड कागदावर आपोआप उभी राहते. नर ओळखायला शेपटीची तुटकी पिसं, चोचीवरचा ओरखडा, गालाच्या कातडीचा आकार बघा. पाच नर ओळखीचे झाले तरी पुष्कळ.

आवाजाबद्दल एक जोड. कॅसिकमध्ये प्रत्येक वसाहतीची गाणी वेगळी असतात. फीकेस यांनी सुरिनाममध्ये हे दाखवलं. पनामात ट्रेनर यांना असं दिसलं की हंगाम पुढे सरकतो तशी गाणी बदलतात आणि वसाहतीतले नर तो बदल मिळून उचलतात. ओरोपेंडोलाला हे जसंच्या तसं लावू नका. पण जवळपास कॅसिकची वसाहत मिळाली तर दोन झाडांची ध्वनिमुद्रणं शेजारीशेजारी ठेवून नक्की ऐका.

उंबरमाळ

खूप आभार, एवढं नेमकं कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. काळ्या पक्ष्याचं राहिलं. तो जायंट काउबर्ड असावा असं आता वाटतंय. त्याचं पिल्लू यजमानाच्या पिल्लांच्या अंगावरच्या अळ्या काढतं, म्हणून तो उपकारक आहे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे. हे खरं धरायचं का?

शिंदीबन

काउबर्डच. नराच्या मानेची पिसं फुगलेली असतात, त्यामुळे अंगाच्या मानाने डोकं लहान दिसतं. अंगावर काळी-जांभळी झळाळी. शेपटीत पिवळं बिलकूल नाही. कुरणात गाईगुरांजवळ फिरताना दिसेल. कोकिळा कावळ्याच्या किंवा पावशा सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो, तसाच हा ओरोपेंडोला आणि कॅसिकच्या घरट्यांत घालतो. मादी काउबर्ड वसाहतीत गुपचूप येते, घरट्याच्या कड्यावर बसते, डोकं आत घालते. तेवढ्यात ओरोपेंडोला मादी तिला हाकलते. हे दृश्य मिळेल, लक्ष ठेवा.

अळ्यांची गोष्ट कुठून आली ते सांगतो. नील स्मिथ यांनी पनामातल्या वसाहतींवरून १९६८ साली मांडलं की काही वसाहती गांधीलमाश्या किंवा डंख नसलेल्या मधमाश्यांजवळ असतात, तिथे फिलॉर्निस या परजीवी माश्यांचा त्रास कमी, आणि तिथल्या माद्या काउबर्डची अंडी ओळखून फेकतात. जिथे गांधीलमाश्या-मधमाश्यांचा शेजार नाही तिथे फिलॉर्निसच्या अळ्या पिल्लांच्या कातडीखाली शिरून त्यांना मारतात. काउबर्डचं पिल्लू घरट्यात असेल तर ते शेजारच्या पिल्लाच्या अंगावरची अंडी-अळ्या टिपतं, म्हणून तिथल्या माद्या काउबर्डला चालवून घेतात.

मांडणी इतकी रेखीव होती की ती पुस्तकांतून पुस्तकांत गेली. पण नंतर इतर ठिकाणी तपासल्यावर ती उभी राहिली नाही. वेबस्टर यांनी कोस्टा रिकात माँटेझुमावर नेमका हाच प्रश्न घेतला आणि काउबर्डमुळे यजमानाचा फायदा होतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मानूमधल्या कॅसिकच्या कामातूनही त्याला आधार मिळाला नाही. म्हणून माझं म्हणणं: काउबर्ड हा बांडगुळी वीण करणारा पक्षी, एवढंच धरून चाला. अळ्यांचा फायदा हा पनामातल्या एका अभ्यासाचा दावा म्हणून लिहा, सर्वमान्य गोष्ट म्हणून नको. खाली उभं राहून तुम्हाला पिशवीच्या आतलं काहीच दिसणार नाही, त्यामुळे या वादात निरीक्षणाने भर घालता येणार नाही. काउबर्डच्या फेऱ्या, कोणतं घरटं, हाकलायला किती जणी आल्या, हे मात्र दिसतं. तेच लिहा.

तांबट

नोंदीची पद्धत राहिली, ती थोडक्यात.

पहिल्या सकाळी कॅमेरा पिशवीतच ठेवा. झाडाचं रेखाचित्र काढा. फांद्यांना क्रमांक, प्रत्येक फांदीवरच्या घरट्यांना क्रमांक, म्हणजे २-५ म्हटलं की दुसरी फांदी, पाचवं घरटं. ताज्या विणीला हिरवट-पिवळी छटा असते, जुनी घरटी तपकिरी आणि विस्कटलेली. पण रंगावरून ‘चालू’ लिहू नका. तपकिरी घरट्यातही पिल्लं असू शकतात, हिरवं घरटं सोडून दिलेलं असू शकतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: ‘४० घरटी’ म्हणजे ४० जोडपी असं लिहिलं जातं. जोडपी मुळात नसतातच आणि चालू घरटी ४० पेक्षा बरीच कमी भरतात.

टप्पा ओळखायचा तो मादीच्या वागण्यावरून. चोचीत लांब पट्टी असेल तर विणकाम चालू. पानाचे तुकडे असतील तर अस्तर. रिकाम्या चोचीने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही तर बहुतेक उबवण. चोचीत किडा-फळ असेल आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर आली तर पिल्लं. बाहेर येताना चोचीत पांढरी विष्ठेची पिशवी दिसली की शंकाच नको.

दर १५ मिनिटांनी झाडावर किती मोठे, किती लहान पक्षी आहेत ते मोजा. मधल्या वेळात फक्त पाच घरटी धरा, तीच चारही दिवस. दहा धरली की एकाचंही धड होत नाही. उजाडल्यापासून नऊपर्यंतचा वेळ सगळ्यात भरलेला असतो.

जागा झाडाच्या पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन पाठीशी राहील. पश्चिमेला बसलात तर सगळे पक्षी काळी आकृती होऊन जातील, मग काउबर्ड आणि ओरोपेंडोला यांत गोंधळ होणारच. अंतर ४०-५० मीटर. तेवढ्याने स्कोपमधून चोचीतली पट्टीसुद्धा दिसते. झाडाखाली उभं राहू नका: माद्या घरट्यावर यायला कचरतात, ती वेळ शत्रूला मिळते. आणि आधी स्कोपने प्रत्येक फांदी गांधीलमाश्यांच्या पोळ्यासाठी तपासून घ्या.

रातवा

पोळं असेल तर त्याची जागाही रेखाचित्रात दाखवा. चालू घरटी त्याच्या किती जवळ आहेत हे मग मोजता येतं.

दोन बारीक गोष्टी. सारापिकीत तांबूस डोक्याचा ओरोपेंडोलाही आढळतो. तो लहान, चोच फिकट हस्तिदंती, गालावर निळं नाही. दूरची वसाहत नुसत्या घरट्यांवरून माँटेझुमाची म्हणून लिहू नका, चोच बघा. आणि ध्वनिमुद्रण वाजवून नराला झोके घ्यायला लावायचा मोह टाळा. तो वरचा नर असेल तर राखण सोडून तुमच्या स्पीकरकडे येईल आणि त्या अर्ध्या तासाची तुमची सगळी उतरंडीची नोंद खोटी ठरेल.

तिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फेब्रुवारीही पूर्ण कोरडा नसतो. वही पेन्सिलनेच लिहा. आणि सर येऊन गेली की आधी झाडाखालचं गवत दुर्बिणीने बघा, पिशव्या पडलेल्या असतील तर रेखाचित्रात त्यांचे क्रमांक खोडा.